हातानं भरवायचं नाही

ससाणेकाका माणूस भेटला की आधी त्याचं वजन करायचे. काटा नसायचा, नुसत्या नजरेनं. गणपतीच्या आरतीला इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या बेलव्ह्यूमधली निम्मी मराठी मंडळी कुणाच्या तरी घरी जमलेली असायची, मोदकांचे ट्रे फिरत असायचे, आणि काका दाराशी उभे राहून एकेकाकडे डोळे बारीक करून बघायचे. मग जवळ येऊन हळूच सांगायचे, "तुझं फ्लाइंग वेट गेलं बरं का. आता तू काही उडत नाहीस." मला पहिल्यांदा हे ऐकवलं तेव्हा मी नुकताच पुण्याहून आलो होतो, ओळख ना पाळख, आणि माझ्या हातात दुसरा मोदक होता. मला भयंकर राग आला. तो पुढे कधी पूर्ण गेला असं वाटत नाही.

ससाणे हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव फक्त टपालावर यायचं. मूळचे नागपूरचे, सगळी नोकरी चिप डिझाइनमध्ये, आधी सांता क्लाराला आणि मग इकडे. फार पूर्वी ऑफिसातला एक अमेरिकन सहकारी त्यांना आपला शिकारी पक्षी दाखवायला घेऊन गेला. झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी शिट्टी ऐकून खाली आला आणि त्या माणसाच्या मुठीवर बसला. "त्या दिवशी हे कामातून गेले," असं काकू सांगायच्या. मग वॉल्ट नावाच्या एका खडूस म्हाताऱ्याच्या हाताखाली उमेदवारी, सरकारी परीक्षा, परवाना, आणि मागच्या अंगणात पक्ष्यासाठी लाकडी खोली. गराजमध्ये वेगळा फ्रीजर आला. त्यात गोठवलेले उंदीर आणि लावे. काकू पक्क्या शाकाहारी, घरात अंडंसुद्धा यायचं नाही. "गराजचं दार ही हद्द," त्यांनी बजावून ठेवलं होतं. "तिथलं काही माझ्या स्वयंपाकघरात येता कामा नये." काकांनी ती हद्द कधी ओलांडली नाही.

दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर काका सापळा लावून एक जंगली रेडटेल पकडायचे. रेडटेल म्हणजे इथला मोठा ससाणा. मोठेपणी त्याची शेपटी विटकरी लाल होते, पण काका धरायचे ती त्याच वर्षी जन्मलेली मादी असायची, शेपटी अजून मातकट पट्ट्यांची. रोज तिचं वजन करायचं; पक्षी बेताचा भुकेला असतो ते त्याचं फ्लाइंग वेट, त्याहून जड झाला की तो शिकारही करत नाही आणि परतही येत नाही. हिवाळाभर तिला मुठीवर घेऊन सशांच्या मागे माळरानं तुडवायची आणि मार्च आला की पोटभर खाऊ घालून सोडून द्यायची. नाव ठेवायचं नाही. सगळ्या ससाण्या त्यांच्या लेखी नुसत्या "बाई".

एकदा अशी एक बाई सोडताना मी बरोबर होतो. काकांनी मूठ वर केली, ती उडाली, नदीवरून पलीकडच्या झाडांत गेली आणि संपलं. मला फार वाईट वाटलं. "काका, एवढे महिने सांभाळलंत, तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही."

"नाहीच बघणार," काका हातमोजा झटकत म्हणाले. "बघितलं तर समजायचं, आपलं चुकलं."

आता हे ऐकायला छान आहे. पण हाच माणूस रविवारी रेवाचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा, डॅलसहून फोन आला नाही की संध्याकाळभर घरात येरझाऱ्या घालायचा आणि सगळ्यांशी तुसडेपणानं वागायचा. मी हे एकदा दाखवून दिलं. त्यावर माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून ते म्हणाले, "पोट भरलेला पक्षी फार बोलतो."

गुडघा बदलून झाला, हृदयाचं दुखणं सुरू झालं, तशी रेवानं धोशा लावला. ती तिकडे फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे तिला बापाच्या चालण्यातलं सगळं कळतं. "बाबा, जस्ट मूव्ह हिअर. व्हॉट आर यू वेटिंग फॉर?" काकूंचं मन कधीच तिकडे पोचलं होतं. काका शेवटी हो म्हणाले, पण अट घालून. त्यांना एकदा घरट्यातून पिल्लू आणायचं होतं. "आजवरच्या सगळ्या बाया आईकडून शिकून आल्या होत्या बे. मी नुसता शेवटचा हात फिरवला. एक तरी मला पहिल्यापासून वाढवू दे. मार्चमध्ये तिला सोडतो, मग तुम्ही म्हणाल तिथं येतो." डॅलसला घराला लागून माळ नव्हता, तिथे पक्षी ठेवता येणार नव्हता. म्हणजे ही शेवटचीच बाई.

यात मी कसा सापडलो ते ऐका. मी इथे जिममध्ये जाऊन भिंतीवर चढतो, रंगीत प्लास्टिकच्या खुंट्या धरून. इकडच्या निम्म्या इंजिनिअरांना हा नाद आहे. काकांनी ते कुठूनसं ऐकलं. "तू चढतोस ना बे? मग झाडावर चढायला काय होते?" मी सांगितलं, की तिथे खाली गादी असते. "खाली मी असतो," काका म्हणाले आणि विषय संपला.

पहिल्या वर्षी आम्ही डोंगर ओलांडून एलेन्सबर्गच्या बाजूला किती खेपा घातल्या ते आठवलं तरी माझी चिडचिड होते. शनिवारी उजाडायच्या आत काकांचा फोन, "उठला का बे? मी खाली आहे." कायदा असा, की घरट्यात निदान एक पिल्लू मागे ठेवलंच पाहिजे, आणि ज्याच्या जमिनीत झाड त्याची परवानगी हवी. वर पिल्लाचं वय जमायला हवं. पांढऱ्या लवेतून तपकिरी पिसं डोकावायला लागली की तेवढेच काय ते मोजके दिवस. आधी गेलं तर फार कोवळं, नंतर गेलं तर ते आपल्याला बघून फांदीवर उडी मारून मोकळं होतं. एका घरट्यावर आमच्या आधी घुबडानं हात मारलेला, खाली नुसती पिसं पडलेली. दुसऱ्यावर मी जीव मुठीत धरून पोचलो आणि वरून ओरडलो, "काका, एकच आहे!"

"नीट मोज!" खालून उत्तर आलं.

एक हे आणखी नीट कसं मोजायचं ते मला आजही ठाऊक नाही. तिसऱ्या झाडाच्या मालकानं आम्ही दोर बांधत असताना परवानगी मागे घेतली. तेवढ्यात हंगाम संपला. डॅलसचा बेत वर्षभर पुढे गेला आणि काकूंनी खोक्यांत भरलेली भांडी एकेक पुसून परत फडताळात लावली. मला तेव्हा काकांपेक्षा काकूंची जास्त भीती वाटली.

दुसऱ्या वर्षी मात्र नदीकाठच्या एका कॉटनवुडच्या झाडावर जमलं. खालूनच दुर्बिणीतून तीन डोकी दिसत होती. मी हेल्मेट घालून चढलो. पिल्लांची आई दोनदा माझ्या डोक्यावरून इतक्या जवळून गेली, की मी सगळ्या देवांना हाका मारल्या. घरट्यात तीन पिल्लं पाठीवर रेलून, पंजे पुढे करून बसलेली, डोळे वटारून. खालून काकांची कॉमेंट्री चालूच. "काय करून राहिला वर? पाय बघ, पाय! ज्याचे पाय मोठे ती बाई! तिला उचल!" मोठ्या पायाच्या पिल्लानं माझा अंगठा हातमोज्यासकट पकडला. तिला कापडी पिशवीत घालून मी दोरानं खाली सोडलं. खाली येऊन बघतो तर काका पिशवी उघडून बसलेले. त्यांचे डोळे भरून आले होते. एवढ्या खेपांचा माझा राग त्या वेळी खरोखर उतरला. परतीच्या वाटेवर त्यांनी माझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवायला सुरुवात केली तेव्हा तो पुन्हा चढला.

घरी आल्यावर त्यांनी मला आणि काकूंना उभं करून नियम सांगितला. या पिल्लाला भूक लागू द्यायची नाही आणि खाणं माणसाच्या हातातून येतं हे त्याला कधी कळू द्यायचं नाही. खोलीच्या भिंतीला खाली एक फट होती. तिच्यातून ताटली आत सरकवायची आणि निघून जायचं. बोलायचं नाही, दिसायचं नाही. "एकदा का हिला कळलं, की माणूस भरवते, तर ही आपल्याला आई समजेल. मग जन्मभर माणूस दिसला की किंचाळत खायला मागंल. असा पक्षी ना शिकारीचा, ना सोडायचा. हातानं भरवायचं नाही. समजलं?"

समजलं, आम्ही म्हणालो. काकूंना त्या खोलीत पाऊल टाकायची मुळी इच्छाच नव्हती. फक्त काकांनी आत एक छोटा कॅमेरा बसवला होता आणि तो काकूंच्या आयपॅडवर दिसायचा. भाजी निवडताना आयपॅड समोर असायचा. थोड्याच दिवसांत काकू तिला "ठमी" म्हणायला लागल्या. "नाव ठेवू नको," काका म्हणाले. "मी कुठं ठेवलं, ती दिसतेच ठमीसारखी," काकू म्हणाल्या.

आणि नेमकं तेव्हा काकांच्या छातीत कळ आली. अ‍ॅम्ब्युलन्स, बायपास, आयसीयू. रेवा मिळेल त्या विमानानं आली. शुद्धीवर आल्यावर काकांनी बायकोला नाही, मुलीला नाही, मला विचारलं, "ताटली?" मी सांगितलं, मी सकाळी ऑफिसला जाताना आणि संध्याकाळी येताना ताटली सरकवतो, काळजी करू नका. आणि मी सरकवत होतो, अगदी नेमानं.

एक दिवस मीटिंग कॅन्सल झाली म्हणून मी दुपारीच तिकडे गेलो. अंगणातल्या खोलीचं दार उघडं. आत काकू पाटावर बसल्या होत्या, समोर ठमी. काकूंच्या हातात स्वयंपाकघरातली कात्री, मांडीवर लाव्याच्या मांसाची वाटी. अंड्याचा बलकसुद्धा ज्यांनी कधी हातात धरला नाही त्या काकू बोटांनी बारीक तुकडा उचलून तिच्या चोचीपुढे नेत होत्या. "हा काऊचा. हा चिऊचा. आता हा बाबांचा, ते बरे होऊन घरी येऊ देत."

"काकू! काय करताय तुम्ही हे?"

"ओरडू नकोस, दचकते ती."

"काकांनी काय सांगितलं होतं?"

"सकाळपासून ताटलीकडे ढुंकून बघितलं नाही तिनं. मी बघते ना कॅमेऱ्यात. कालही तेच. ताटात वाढलं म्हणून पोर जेवतं का रे? आईला शोधत होती."

"ती पोर नाहीये काकू, ससाणा आहे!"

"असू दे ना ससाणा. भूक तर लागतेच."

काका दवाखान्यात गेल्यापासून हे रोज चाललं होतं. मी पुष्कळ चिडलो, पण कुणावर चिडायचं ते मला कळेना. नवरा आयसीयूत, मुलगी तिथे बसलेली, आणि ही बाई रिकाम्या घरात एका रडणाऱ्या पिल्लाचा आवाज ऐकत एकटी. काकूंनी कात्री धुतली, हात धुतले आणि म्हणाल्या, "चल, उशीर होतोय. त्यांना मऊ भात न्यायचाय."

काका घरी आले ते वॉकर धरून, आणि सोफ्यावर न बसता सरळ अंगणात गेले. मागून काकू त्यांची शाल घेऊन. जाळीतून काकू दिसल्या मात्र, ठमीनं पंख पसरून खाली टाकले, चोच वासली आणि जी किंचाळायला सुरुवात केली, की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. काका ऐकत उभे राहिले.

"कोणी भरवलं?"

"मी," काकू म्हणाल्या.

"बाबा, इट्स अ बेबी बर्ड," रेवा मध्ये पडली. "आई वॉज जस्ट बीइंग काइंड."

"काइंड!" काका पायरीवर बसले. त्यांचा आवाज चढला नाही, त्याला तेवढं बळच नव्हतं. "मार्चमध्ये हिला सोडली तर पहिला माणूस दिसंल त्याच्याकडे जाऊन ही अशीच मागंल. कोणी दगड घालंल, नाहीतर गाडीखाली येईल. हे काइंड?"

"मग काय उपाशी ठेवायचं होतं तिला?" काकूंनी विचारलं.

त्या दोघांच्या मधे उभं राहून मला वाटलं, कुणीतरी एक चुकीचं असतं तर किती सोपं झालं असतं.

तो हिवाळा मी विसरणं शक्य नाही. काकांनी काकूंना अंगण बंद केलं आणि काकूंनी ते निमूटपणे मानलं. खिडकीचा पडदासुद्धा अर्धा ओढलेला असायचा. घरात दोघांचं बोलणं औषधापुरतं. काका पुन्हा ताटलीवर आले, फटीवर आले. "वॉल्ट म्हणायचा, पिसं बदलली की असे किंचाळणारे पक्षी कधी कधी गप्प होतात. दुसऱ्या वर्षी." मी त्यांना माळावर घेऊन जायचो. ठमी मुठीवर बसून काकांच्या तोंडाकडे बघत अखंड किंचाळायची. ससे काय थांबतात! एकही मिळाला नाही. सोसायटीकडून आवाजाच्या तक्रारी आल्या, डॅलस पुन्हा लांबलं, रेवा मला फोन करून इंग्लिशमध्ये रडली. काका वाळत चालले होते. एकदा गाडीत बसवताना मी न राहवून म्हणालो, "काका, आता तुमचंच फ्लाइंग वेट बरोबर आलंय." त्या हिवाळ्यात ते हसले ते तेवढंच.

मार्चमध्ये त्यांनी मला नेहमीच्या जागी गाडी न्यायला लावली. त्यांनी तिच्या पायातले पट्टे काढले, तिला पोटभर खाऊ घातलं आणि मूठ वर केली. ठमी उडाली, नदीपर्यंत गेली, तिथून वळली आणि परत येऊन आमच्या गाडीच्या टपावर बसली. काकांकडे बघून किंचाळली.

"बघ," काका म्हणाले. "वळून बघून राहिली." आणि त्यांनी तिच्यापुढे मूठ धरली.

एप्रिल संपता संपता काका गेले. झोपेतच गेले. ठमीची पिसं गळायला अजून सुरुवातही झाली नव्हती.

ठमीला मी ठेवून घेतलं असतं. पण परवान्याशिवाय ठेवता येत नाही, परवाना उमेदवारी केल्याशिवाय मिळत नाही, आणि माणसाला चिकटलेला पक्षी उमेदवाराला ठेवू देत नाहीत. सगळे नियम मला तोंडपाठ होते, त्याचा उपयोग एवढाच झाला की वाद घालता आला नाही. काकांच्या ओळखीची एलेन्सबर्गची डायॅन, जुनी परवानेवाली, तिला न्यायला आली. मोठ्या हाताची, कमी बोलणारी बाई. ठमीला पेटीत घातल्यावर काकू घरातून एक डबा घेऊन आल्या. आत कापलेले लावे, बारीक तुकडे करून. "वाटेत भूक लागली तर," त्यांनी मला सांगितलं. मी ते इंग्लिशमध्ये सांगितलं. डायॅननं डबा दोन्ही हातांनी घेतला. पेटीतून काकूंचा आवाज ओळखून जो आक्रोश सुरू झाला तो गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ऐकू येत होता.

पानगळीच्या दिवसांत मी काकूंची भांडी बांधायला गेलो होतो. या वेळी डॅलस नक्की होतं. तेवढ्यात माझ्या फोनवर डायॅन. मी स्पीकर लावला. ठमीला नवी शेपटी आली, ती म्हणाली, सगळी लाल. सकाळी पहिला ससा धरला. "अँड शी क्विट स्क्रीमिंग. नॉट अ पीप ऑल मंथ. आय थॉट यू फोक्स वुड वाँट टू नो."

मला काकांचा इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता. एवढ्या घरट्यांखाली ताटकळत उभा राहणारा माणूस, त्याला आणखी एक उन्हाळा थांबायला काय झालं होतं? मी डायॅनला थँक्यू म्हणालो आणि फोन ठेवला.

काकूंच्या हातात चिकटपट्टी होती. "काय म्हणाली? ओरडत नाही आता?"

"नाही काकू. अजिबात नाही."

त्या बराच वेळ पट्टीचं टोक शोधत राहिल्या. "मग तिला भूक लागली हे त्या बाईला कळतं कसं?"

"रोज वजन करतात," मी म्हणालो. "काका करायचे तसं."

काकूंनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं, डोळे बारीक करून, वरपासून खालपर्यंत.

"तूही उतरलास रे," त्या म्हणाल्या, आणि बांधून झालेलं एक खोकं फोडून त्यांनी आतून एक ताट बाहेर काढलं.